सरकीसाठी आज्ञा

मंचर, १० ऑक्टोबर २०२५

सविनय वंदना.

पाकिटावर तुझं साध्वीचं नवं नाव लिहिलं आहे, मागेपुढे जे लावायचं त्यासकट. आत ते जमत नाही. आत रिंकूच लिहितो. चुकत असेल तर क्षमा असावी. फोन तुम्हाला चालत नाही, म्हणून पत्र.

सरकीच्या पोटात गाठ आहे.

पंधरा दिवसांपूर्वी तिच्या पोत्यावर लाल डाग दिसला. आई म्हणाली, बीट खाल्लं असेल. आपल्या घरात बीट येत नाही हे तिच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मग भरत डॉक्टरांकडे नेलं. ते गाई-म्हशींचे डॉक्टर. त्यांच्या लोखंडी टेबलावर सरकी कोणी विसरून गेलेल्या टोपीसारखी दिसत होती. त्यांनी पोट चाचपलं, थांबले, पुन्हा चाचपलं.

"शेठ, हितं काहीतरी हाय. लिंबाएवढं. पण मी गोठ्यातला माणूस. ससा लई हलकं जनावर, नुसतं दचकलं तरी मरतं. पुण्याला न्या."

पुण्याला नेलं. आई बरोबर होती. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, फक्त ससे, पोपट, कासवं बघतात. सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीची गाठ. छातीत काही नाही. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पिशवी काढायची, नऊ वर्षांची आहे, भूल सोसेल की नाही ते सांगता येत नाही. किंवा दुखणं कमी करायचं औषध देत राहायचं, दोन महिने, फार तर तीन. किंवा इंजेक्शन. तिसरी वाट त्यांनी आईकडे न बघता सांगितली.

२०१९ सालीही एका डॉक्टरने सांगितलं होतं, मादी आहे, पिशवी वेळेवर काढून टाका, नाहीतर म्हातारपणी हेच होतं. तेव्हा सुरी नको असं आपल्या घरात ठरलं. कोणी ठरवलं ते मी काढत नाही.

सरकी तुझी. येडगावच्या त्या हॉटेलांना ससे पुरवणाऱ्या माणसाच्या पिंजऱ्यातून तू तिला सोडवून आणलंस. दीक्षेआधी तू सगळं वाटलंस. कपडे, दागिने, पुस्तकं, सायकलसुद्धा. सरकी कोणाला दिली ते बोलली नाहीस. ती राहिली. म्हणून विचारतो. ऑपरेशन करू का? हो किंवा नाही, एवढंच कोणाकडून तरी कळव.

पाच नोव्हेंबरला तुमचा चातुर्मास संपतो. मग तुम्ही संगमनेर सोडाल, चालायला लागाल, आणि पत्ता राहणार नाही.

पीयूष


मंचर, १५ ऑक्टोबर

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो हे मला कळतं. तरी पोस्टमन दिसला की गाळ्याच्या पायऱ्या उतरतो. काल तो म्हणाला, "शेठ, पासपोर्ट येनार हाय का?"

पंजाबचं बटाट्याचं बेणं यायला लागलं आहे. दिवसभर ट्रक. आपण बटाटा खात नाही आणि सगळ्या तालुक्याला बेणं विकतो, यावरून तू एकदा मला बोलली होतीस. मी म्हणालो होतो, तुझ्या सशाचा घास त्यातूनच येतो. त्यावर तू दोन दिवस जेवली नाहीस. हे आत्ता का आठवलं माहीत नाही. माझं कशात लक्ष लागत नाही. गाळ्यावरून दुपारी दोनदा घरी येतो. सरकी कोपऱ्यात असते. मला बघून कान उचलते, मग ठेवून देते. मी परत जातो.

औषध सिरिंजने द्यावं लागतं. मी धरतो, आई देते. सूर्य मावळला की आई तिच्यापुढचा लसूणघास उचलते. तू होतीस तेव्हाही उचलायची. तू हसायचीस आणि आईची पाठ वळली की चार काड्या परत टाकायचीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सशाचं पोट रिकामं राहता कामा नये. आईला सांगितलं.

"नऊ वर्षं जगली ना चौविहारावर?" आई म्हणाली.

पुण्याहून परत येताना एक कागद घेऊन आलो. ऑपरेशनचं संमतीपत्र. तिथल्या मुलीने भरायला दिलं होतं.

"सर, मालकाचं नाव राहिलंय."

"बहिणीची आहे."

"मग त्यांना घेऊन या ना."

"येऊ शकत नाही ती."

"परदेशात असतात का?"

"संगमनेरला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई माळ ओढत होती.

कागद गाळ्याच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. ज्याला त्याला दिसतो. सोपान हमालाने विचारलं, "ह्यो कसला करार?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सशाला मालक अस्तो व्हय? रानात कोन मालक हाय त्यांचा?" आणि पोतं उचलून गेला.

खरं लिहितो, मला राग येतो. सहा वर्षांपूर्वी पिशवी काढली असती तर हे झालं नसतं. तेव्हा तुझं जीवदयेचं सुरू होतं. तिला सुरी लावायची नाही. आता बघ. आता मोठी सुरी लावायची वेळ आली आणि विचारायला तू नाहीस.

पीयूष


मंचर, २० ऑक्टोबर

पत्र मिळालं. तुझं नव्हे, तुमच्या स्थानकाच्या मंत्र्यांचं, म्हणजे संघाच्या चिटणीसांचं. "महासतीजी सुखसातेत आहेत. आपली दोन्ही पत्रे त्यांना वाचून दाखवली. संसारी विषयात त्या आज्ञा देत नाहीत. आपण धर्मध्यानात राहावे. मांगलिक." अक्षर सुंदर आहे.

म्हणजे तू ऐकलंस. कोणीतरी समोर बसून, चष्मा लावून, सरकीच्या गर्भपिशवीचं वाचलं आणि तू ऐकलंस. मग काय केलंस? मान खाली घातलीस? पुढची गाथा सुरू केलीस? मला दिसत नाही. इतकी वर्षं एका घरात राहिलो, आणि तू ऐकताना कशी दिसली असशील ते मला दिसत नाही.

तुला दीक्षेसाठी घरच्यांची आज्ञा लागत होती. आईने सही केली. बाबांनी केली. मी गाळ्यावर जाऊन बसलो. तू पाच महिने थांबलीस. रोज संध्याकाळी विचारायचीस, "भैया, आज?" आणि मी म्हणायचो, आज ट्रक आहे. शेवटी माझ्या सहीवाचून चालतं असं कोणीतरी सांगितलं. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस, येता येत नाही हे मला पटलेलं आहे. पण त्या दिवसांत मी घरात सगळीकडे तुझी वाट बघत फिरत होतो हे तुला कोणी वाचून दाखवलं नसेल.

दिवाळी आहे. फटाके सुरू झाले की सरकी टोपलीत तोंड खुपसून बसते. आईने खिडक्यांना गोधड्या लावल्या. तरी तिचं अंग थरथरतं. वजन आणखी उतरलं. गाठ आता बोटाला सहज लागते. मी रात्रंदिवस ती चाचपत बसू नये असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? त्या म्हणाल्या, "माझी असती तर मी ऑपरेशन केलं असतं. पण ती माझी नाही. म्हणून म्हणणं सोपं आहे."

मी काचेखालचा कागद काढला आणि मालक म्हणून माझं नाव लिहिलं. अठ्ठावीस तारीख मिळाली आहे. आई म्हणाली, "पोट फाडणार?" मी हो म्हणालो. मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. सरकीशी बोलत होती.

तुला आता विचारत नाही. कळवतो आहे.

पीयूष


मंचर, २५ ऑक्टोबर

काल मी सकाळपासून गोदामावर होतो. भाऊबीज झाली आणि शेतकरी बेण्याला तुटून पडले. चार वाजता घरी आलो तर दारात बायकांच्या चपला. आत सगळ्या खाली बसलेल्या, हळू आवाजात स्तवन चाललेलं. मधे पाटावर पांढरं कापड, कापडावर सरकी. टोपली, घास, पाण्याची वाटी, सगळं उचललेलं.

मी विचारलं काय झालं. आईने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. काल दुपारपासून तिने तोंडाला काही लावलं नाही. सिरिंज पुढे केली तर मान फिरवली. दोनदा. तिने अन्नपाणी सोडलंय. संथारा घेतलाय."

"कोणी दिला?"

"आपल्या मनाने घेतला. मी नवकार ऐकवला."

"आणि औषध?"

"ज्याने सोडलं त्याला काय भरवायचं?"

पलीकडच्या आळीतल्या एक बाई म्हणाल्या, "भाग्यवान जीव. कुठून आला, कुठे पोचला." दुसऱ्या एकीने विचारलं, पाया पडायचं ते पुढच्या की मागच्या? कोणी हसलं नाही. मीही नाही.

मी कापडासकट सरकीला उचललं. स्तवन थांबलं. आई उठली, गुडघ्यांवर हात टेकत, आणि माझ्या मागून येऊन गाडीत बसली. मला वाटलं अडवायला येते आहे. तिने फक्त हात पुढे केले आणि सरकीला मांडीवर घेतलं.

भरत डॉक्टर गोठ्यावरून नुकतेच आले होते, बूट शेणाने भरलेले. त्यांनी पोटाला कान लावला.

"उपास-बिपास न्हाई हो हा. पोट बंद पडलंय. सशाचं पोट जात्यावानी असतंय. दानं थांबलं की जातं जाम. मग भूकच न्हाई लागत. जेवढं खात न्हाई तेवढं जाम, जेवढं जाम तेवढं खात न्हाई." त्यांनी कातडीखाली सलाईन सोडलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. "पुण्याच्या म्याडमना फोन लावा, त्या सांगतील तसं करतो. आन् दर दोन तासाला पाजा. रात-दिस बघू नका."

आईने विचारलं, "दुखत असेल का तिला?"

"लई दुखतंय, आई. दात वाजवतीय बघा. कुरकुर ऐकू येती का? ते दुखन्याचं हाय."

आईने सरकीच्या तोंडाजवळ कान नेला. मग म्हणाली, "सकाळपासून वाजवते आहे. मला वाटलं जप करते."

भरत डॉक्टर हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

येताना आई मागच्या सीटवरून बोलली. मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. "रिंकूने ठरवलं तेव्हा सगळे म्हणाले, आतून हाक आली की अडवायचं नसतं. मी नाही अडवलं. मग हिची हाक मी खोटी कशी धरणार होते?"

याचं उत्तर तुझ्याजवळ असेल.

सूर्य गेल्यावर आईने स्वतः सिरिंज भरली. स्वतः पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि सरकीला दर दोन तासांनी पाजलं. मी धरत होतो. आज पहाटे तिने मला हलवून उठवलं आणि तळहात पुढे केला. तळहातावर सात लेंड्या होत्या. बारीक, वाळक्या. "जातं फिरलं," आई म्हणाली.

पीयूष


मंचर, २७ ऑक्टोबर

तुझी पत्रं मंत्री उघडतात. म्हणून हे टाकणार नाही. पण उद्या पुण्याला निघायच्या आधी लिहायला हवं.

२०१९ साली सुरी नको असं तू म्हणाली नव्हतीस.

तू आठ दिवस विचार केलास. एका महासतीजींना विचारून आलीस. मग म्हणालीस, पुढचं दुखणं टळणार असेल तर करू या, दोष लागलाच तर मला लागू दे. तारीख तूच घेतलीस. टोपलीत तूच कापड अंथरलंस, वर कोथिंबीर ठेवलीस. त्या दिवशी तुझं शिबिर होतं म्हणून मला जायला सांगितलंस.

मी खेडच्या घाटापर्यंत गेलो. वर गाडी बाजूला लावली. तासभर बसलो. ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकला टोपली हलायची. सरकीने कोथिंबीर संपवली. मग गाडी वळवली. घरी येऊन सांगितलं, डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, म्हणाले हिला गरज नाही, ही जात वेगळी आहे. तू विश्वास ठेवलास. आईला जाऊन म्हणालीस, बरं झालं, सुरी टळली. आपल्या घरात ठरलं ते असं ठरलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात तू मला गच्चीवर दीक्षेचं सांगितलं होतंस. आई-बाबांच्या आधी मला. मी त्या माणसाला येडगावला फोन केला, एखादा नर मिळेल का म्हणून. मला वाटलं, सरकीला पिल्लं झाली, सहा-सात, डोळे न उघडलेली, तर तू त्यांना टाकून कशी जाशील. तू एका मांजराला टाकून गावाला जायची नाहीस. पिशवी काढली असती तर तो मार्ग बंद झाला असता.

नर आणायचं धैर्य झालं नाही. नंतर तू पक्कीच झालीस आणि मला सगळ्याचा वीट आला. पिशवी तेवढी राहिली.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. दुसऱ्यात जास्त लिहिलं. दोन्ही तुला वाचून दाखवली आणि तू ऐकून घेतलीस. तुला माहीत आहे की तू तसं म्हणाली नव्हतीस. तरी उलट निरोप पाठवला नाहीस. हे मला आज दुपारी गाळ्यावर, गिऱ्हाईक समोर असताना कळलं. मी मापात चुकलो. तो म्हणाला, "शेठ, ध्यान कुठंय?"

सरकी आज बरी आहे. मेथीची दोन पानं खाल्ली. टोपली मी साफ केली, कापड आईने घातलं.


मंचर, ४ नोव्हेंबर

अठ्ठावीसला सकाळी दहाला तिला आत नेलं. आई बाकावर बसली, माळ काढली. मी बसलो, उठलो, बाहेर गेलो, रस्ता ओलांडला, परत आलो. आत जायच्या दाराला काच आहे. काचेतून फक्त भिंत दिसते.

चाळीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातमोजे तसेच. मला दाराच्या आत घेतलं.

"गाठ पसरली आहे. यकृतावर आहे, आतड्याला चिकटली आहे. मी काढू शकत नाही. पोट शिवून तिला जागं करते, तर आठवडा मिळेल. टाक्यांचं दुखणं आणि हे दुखणं, दोन्ही. किंवा जागं करत नाही. आत्ता भुलेत आहे, तिला काही कळत नाही. मला लगेच आत जायचंय. तुम्ही सांगा."

मला वाटलं होतं की करायचं की नाही एवढंच ठरवायचं असतं, आणि ते मी ठरवलं आहे. हे त्या कागदावर नव्हतं. मी काचेकडे पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते, मणी पुढे जात होते. तिला विचारलं असतं तर ती जागं करा म्हणाली असती. किंवा म्हणाली नसती, आणि ते जन्मभर तिच्याजवळ राहिलं असतं. तुला विचारलं असतं तर मंत्र्यांचं पत्र आलं असतं.

मी म्हणालो, जागं करू नका.

आईला सांगितलं, भूल सोसली नाही.

तिने मान हलवली. कापडात गुंडाळलेली सरकी मांडीवर घेतली. खेडच्या पुढे आल्यावर तिने कापडाचं टोक नीट केलं. मग म्हणाली, "बाई बाहेर आल्या होत्या ना मधे?"

"हो."

"तू काहीतरी म्हणालास. काचेतून दिसलं मला."

मी गाडी चालवत राहिलो.

"सांगू नको मला," आई म्हणाली. "माझी माळ चालू होती. मी काही बघितलं नाही."

आपल्याला घास देणारा भागू संध्याकाळी आला. त्याला कळलं होतं. "शेठ, माझ्या वाफ्याकडंला पुरा. हितलंच खाल्लंय तिनं नऊ वरसं." तिथे पुरलं. आई आली नाही. मी परत आलो तर तिने अंघोळ करून घेतली होती आणि सरकीचं पोतं धुवून वाळत घातलं होतं. त्यानंतर सात दिवस झाले. ती जेवते, स्थानकात जाते, माझ्या ताटात वाढते. मी तिच्यासमोर बसलो की माळ हातात घेते.

माझ्याजवळ आता दोन गोष्टी आहेत. एक सहा वर्षांपूर्वीची, एक सात दिवसांपूर्वीची. पहिली बरोबर नव्हती हे मला ठाऊक आहे. दुसरी बरोबर होती की नाही ते ठाऊक नाही. गाळ्यावर बसवत नाही, घरात बसवत नाही. काल विनाकारण नारायणगावपर्यंत गाडी नेली आणि परत आणली. दोन्ही ऐकू शकेल असं एकच माणूस मला माहीत आहे.

उद्या पौर्णिमा. परवा तुमचा विहार. मंत्र्यांना फोन केला. सूर्योदयाला निघणार म्हणाले, पहिला मुक्काम दहा-बारा किलोमीटरवर. श्रावक बरोबर चालू शकतात, थोडं अंतर ठेवून. मी पहाटे निघेन. आई म्हणाली, माझे गुडघे नाहीत चालायचे, तू जा. कशाला जातोस ते विचारलं नाही. रिंकूला सुखसाता विचार, एवढंच म्हणाली. रिंकूच म्हणाली.

मागचं पत्र आणि हे, दोन्ही टाकणार नाही. तोंडाने सांगेन. तू काही बोलावंस असं नाही. तुमच्या नियमात बसत असेल तेवढंच कर, नाहीतर काहीच करू नकोस. बाजूला गर्दी असेल, गाड्या जात असतील, मी कदाचित नीट सुरुवात करणार नाही. कदाचित बेण्याचं बोलेन आधी.

तू थांबून माझ्याकडे बघितलंस तर मला पुढचं सांगता येणार नाही. म्हणून मी बोलायला लागलो की थांबू नकोस. चालत राहा.

पीयूष